ओसरीवर भरलेले फॉर्म

'निष्काळजीपणा' हा शब्द कुठंही छापलेला दिसला की अजून माझं डोकं फिरतं. कापसाच्या फवारणीनं आजारी पडणाऱ्या मजुरांबद्दल हा शब्द एका शोधनिबंधात वापरला गेला. तो मी लिहिला नव्हता, पण त्या निबंधाच्या लेखकांत माझं नाव आहे आणि छापायला देताना केलेल्या घोषणापत्रावर माझी सही आहे. घोषणापत्रात असं होतं की सर्व लेखकांनी अंतिम मसुदा वाचला आहे आणि तो सर्वांना मान्य आहे. मी वाचला होता. मला मान्य नव्हता. सही केली.

निबंधावर तीन नावं आहेत. पहिलं माझ्या गाईडचं, दुसरं प्राचार्यांचं, तिसरं माझं. गाईड म्हणजे मी शिकवत होते त्या कॉलेजातले आमचे विभागप्रमुख. माझी पीएचडी त्यांच्याकडे चालू होती. त्या गावात ते एकदा आले होते, चहा घेऊन गेले. प्राचार्यांना ते गाव कोणत्या रस्त्यावर आहे हेही माहीत नव्हतं. आमच्याकडे शोधनिबंधावरची नावं लग्नपत्रिकेवरच्या नावांसारखी छापतात. आधी मोठे, मग जरा कमी मोठे, आणि ज्यानं खरोखर धावपळ केली तो असलाच तर तळाला. याला कुणी चोरी म्हणत नाही, 'सरांचं नाव टाकणं' म्हणतात, आणि टाकलं नाही तर माणूस उद्धट ठरतो.

ती वर्षं कापसाच्या संकटाची होती. पेरणी दोनदा करावी लागायची, भाव पडलेला असायचा, बोंडअळी यायची. यवतमाळचं नाव रोज पेपरात यायचं आणि त्यामुळे सगळ्या देशातल्या अभ्यासकांना आमचा जिल्हा एकाएकी आवडायला लागला होता. गाड्या यायच्या, फॉर्म भरून जायच्या. आमच्या स्टाफरूममध्येही ही साथ पोचली. बढतीला गुण लागत, गुणांना निबंध लागत, आणि निबंधाला विषय दाराशीच उभा होता. कोण मेलं, कोण आजारी पडलं, यावर दुपारच्या डब्याच्या वेळी 'यातून एक पेपर निघतो' असं बोललं जायचं. मीही बोललेय. तेव्हा मला त्याची लाज वाटली नव्हती.

माझा विषय ठरला फवारणी करणारे मजूर. गाव बोरी अरबच्या पुढं, आतल्या रस्त्यावर. त्याचं नाव मी इथं लिहीत नाही. एकदा छापलं गेलंय, तेवढं पुरे. दारव्ह्याहून जीपनं फाट्यावर उतरायचं आणि पुढं पायी जायचं. त्या वर्षी पऱ्हाटी, म्हणजे कापसाची झाडं, माणसाच्या डोक्यावर गेली होती. पाठीवर पंप घेऊन त्यात शिरलेला माणूस दिसायचा नाही, नुसता वर उडणारा फवारा दिसायचा. तो परत त्याच्याच तोंडावर पडायचा. या विषाला आमच्याकडे औषध म्हणतात. एका बादलीत दोन-तीन औषधं कालवून, काडीनं ढवळून, पंपात ओतायची आणि दुपारपर्यंत असे किती पंप मारले त्यावर मजुराची हुशारी ठरायची.

फॉर्म माझा होता, छान टाईप केलेला. त्यात एक प्रश्न असा: हातमोजे, चष्मा आणि मास्क वापरता का? नसल्यास कारण काय? पुढं तीन चौकटी: माहिती नाही, मिळत नाही, सवय नाही. सगळा निबंध पुढं या एका प्रश्नावर उभा राहिला.

आता आमच्या गावांची एक रीत सांगायला हवी. कॉलेजातून कुणी आलं की त्यानं आधी मोठ्या घरी जायचं. तसं न जाणं म्हणजे अपमान. मी गेले त्या घरचा शेतमालक तसा भला माणूस. स्वतःही पाठीवर पंप घेऊन फिरलेला, अळीनं त्याचंही शेत खाल्लेलं. त्यानं ओसरीवर खुर्ची टाकली, बायकोला चहा ठेवायला सांगितला आणि म्हणाला, "मॅडम, तुमी कायले उन्हात घरोघर फिरता? बसा. इथंच बलावतो साऱ्याइले."

मला सोयीचं वाटलं. फवारणीवाले मजूर एकेक करून आले, अंगणात उकिडवे बसले. मी ओसरीवर खुर्चीत, शेजारच्या खुर्चीत त्यांना काम देणारा माणूस, आणि मी विचारतेय, तुम्हाला हातमोजे देतात का. काय सांगणार ते? प्रत्येकानं एकदा शेतमालकाकडं पाहिलं आणि म्हणाला, "सवय नाई मॅडम." एक जण तर हसून म्हणाला, "आमचीच चूक हाय." मी प्रत्येक वेळी तिसऱ्या चौकटीत खूण केली. ज्या पोरकट आनंदानं मी त्या दिवशी फॉर्म मोजत फाट्यावर आले, तो आठवला की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

फाट्यावर जीपची वाट पाहत असताना एक बाई येऊन शेजारी टेकली. डोक्यावरचा गवताचा भारा तिनं खाली ठेवला. 'आमचीच चूक हाय' म्हणणाऱ्याची ती बायको होती. ती माझ्याशी भांडायला आली नव्हती, पण आवाजात धार होती.

"मॅडम, मालकासमोर मानूस काय सांगन? कालपासून ओकून राह्यला, तरी सकाळी पंप उचलला त्यानं. मोजे मागतले होते म्या सोता जाऊन. पुढच्या हप्त्यात पाहू म्हने. खरं पुसायचं असन तं आमच्या मोहल्ल्यात या. विहारात या."

मी गेले. एकदा नाही, चार रविवार गेले. ती सगळी बौद्ध वस्ती. विहारात चटई टाकली होती, मी खाली बसले, आणि तीच माणसं, तोच प्रश्न. उत्तरं सगळी दुसऱ्या चौकटीत गेली. मिळत नाही. मागितले तर उद्या. मोजे घालून हात हळू चालतो म्हणून दुसऱ्या दिवशी दुसऱ्यालाच बोलावतात. चष्मा दिला होता एकदा, त्याची काच आधीच तडकलेली. मी लिहून घेतलं. शेवटी त्या बाईचा नवरा उठला. उंच, हाडकुळा, बोलताना खाली पाहणारा माणूस. म्हणाला, "मॅडम, त्या दिवशी ओसरीवर मी खोटं बोललो. ते नोका लिवू."

"बदलून घेते," मी म्हणाले. "तुमचं खरं तेच छापून येईल."

हे मी त्याच्या बायकोसमोर, साऱ्या वस्तीसमोर, मोठ्या तोऱ्यात म्हणाले.

दुसऱ्याच दिवशी दोन्ही गठ्ठे घेऊन मी गाईडच्या केबिनमध्ये गेले. त्यांनी विहारातले फॉर्म बोटानं चाळले, हातात घेतलेसुद्धा नाहीत. "एकाच माणसाची दोन उत्तरं म्हणजे नमुना बिघडला," ते म्हणाले. "पहिलेच धरा. ते शिस्तीत भरलेत. आणि तिथं विहारात बसलं की मॅडम, लोक चळवळीचं बोलतात. शास्त्रीय राहायला हवं आपण."

शेतमालकाच्या ओसरीवर बसून मिळालेलं उत्तर शास्त्रीय, आणि मजुरानं आपल्या जागेत बसून दिलेलं उत्तर म्हणजे चळवळ! हे मला त्याच क्षणी कळलं होतं. मी म्हणाले, "सर, त्यांनी स्वतः सांगितलंय की आधीचं खोटं होतं." सर म्हणाले, "मग आत्ताचं खरं कशावरून?" आणि प्रबंधाचं माझं तिसरं प्रकरण, ज्यावर त्यांची सही व्हायची होती, ते त्यांनी टेबलाच्या या कडेवरून त्या कडेला सरकवलं. बस्स, एवढंच. धमकी वगैरे काही दिली नाही. गरजही नव्हती, मी लगेच समजदार झाले.

फॉर्म शंभर हवे होते. ओसरीवर साठेक झाले होते. उरलेले स्टाफरूमच्या लांब टेबलावर झाले. दोन सहकारी, एक गाईड, एक मी. वय टाका, शिक्षण टाका, खूण तिसऱ्या चौकटीत करा. मधूनमधून पहिल्या चौकटीत, म्हणजे खरं वाटेल. कुणीतरी चिवडा आणला होता. मी दहा माणसं माझ्या हातानं जन्माला घातली. त्यातल्या एकाला मी चार मुलं दिली, मग जास्त वाटली म्हणून एक खोडलं. विहारातले खरे फॉर्म तेव्हा माझ्या पिशवीत, माझ्या पायाशी होते. हे लिहितानाही संताप येतो आणि तो कुणावर काढू ते कळत नाही, कारण त्या टेबलावर मला कुणी बांधून बसवलं नव्हतं.

निबंध इंग्रजीत छापून आला. नियतकालिक असं की निबंध पाठवल्यावर दोन दिवसांत तज्ज्ञांनी तपासल्याचं पत्र. ते तज्ज्ञ कोण आणि त्यांनी काय तपासलं, देव जाणे. निष्कर्षात लिहिलं होतं की सुरक्षेची साधनं उपलब्ध असूनही मजूर सवयीअभावी ती वापरत नाहीत आणि विषबाधेचं मुख्य कारण मजुरांचा निष्काळजीपणा हे आहे. 'उपलब्ध असूनही' हे तर फॉर्ममध्ये कुठंच नव्हतं. ते सरांना वाक्य तोलायला लागलं म्हणून आलं. तळाशी आभार होते, ते शेतमालकाचे. गावाचं नाव होतं. गावात इंग्रजी वाचणारं कुणी नाही, तेव्हा काय फरक पडतो, असं मी स्वतःला समजावलं. प्राचार्यांनी पेढे वाटले. मी पेढा खाल्ला.

पुढच्या हंगामात त्या बाईचा नवरा फवारणी करताना शेतातच पडला. यवतमाळच्या दवाखान्यात पंधरा दिवस होता. जीव वाचला, पण डोळ्यांना धुरकट दिसायला लागलं ते कायमचं. हे मला बोरी अरबच्या बाजारात कळलं. मी भेटायला गेले नाही. जायचं म्हणत राहिले आणि नाही गेले.

बाईनं सरकारी मदतीसाठी अर्ज केला. त्यावर तालुक्याच्या एका कचेरीत चौकशी लागली आणि आमच्या कॉलेजला पत्र आलं: आपल्या अभ्यासातील निष्कर्ष समितीसमोर असून लेखकांनी उपस्थित राहावं. गाईडनी आधीच्या एका कार्यशाळेत तो निबंध साहेब लोकांना वाटला होता, तो असा फिरत तिथं पोचला. गाईड खूश. पत्र त्यांनी स्टाफरूममध्ये मोठ्यानं वाचलं. "बघा, आपलं काम समाजाच्या उपयोगी पडतं," असं म्हणाले. हे वाक्य ऐकून मला त्यांची चीड आली. तरी मी त्यांच्याच स्कूटरवर मागं बसून गेले. घरून निघताना विहारातले फॉर्म मी घेतले नाहीत. म्हणजे मनातून ठरलेलं होतं की गप्प बसायचं. आता कुणाला काय सांगू, ठरलं नव्हतं म्हणून?

बाई कचेरीत आधीच येऊन बसली होती. नवरा आला नव्हता. त्याला ऊन सहन होत नव्हतं. मला पाहताच तिचा चेहरा एकदम मोकळा झाला. ती जागची उठली, हात जोडले आणि शेजारच्या कारकुनाला म्हणाली, "याच त्या मॅडम." तिला हायसं वाटलं होतं. तिच्या बाजूचं कुणीतरी आलं असं तिला वाटलं होतं.

चौकशी करणाऱ्या साहेबांसमोर निबंधाची झेरॉक्स होती, पिवळ्या पेननं खुणा केलेली. त्यांनी तिला विचारलं, "या मॅडमनी तुमच्या गावात येऊन अभ्यास केला होता, बरोबर?"

"हो साहेब. चार खेपा आल्या. खाली चटईवर बसून लिवलं त्याइनं."

"मग यात जे लिहिलंय, ते तुम्हाला मान्य आहे?"

"साहेब, मॅडमनं लिवलं ते सारं खरं हाय," ती ठामपणे म्हणाली. "तेच धरा तुमी. माह्या मानसानं सोता सांगतलं हाय त्याइले."

साहेबांनी मान डोलावली आणि कारकुनाला मजकूर सांगितला: अर्जदारास सदर अभ्यास मान्य आहे.

माझ्या शेजारी गाईड चष्मा पुसत बसले होते. त्यांनी तिचं म्हणणं ऐकलं होतं. ती कशाला हो म्हणाली आणि काय समजून म्हणाली, हे त्या खोलीत फक्त आम्हा दोघांना कळलं होतं. त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला आणि घड्याळात पाहिलं.

तेव्हा मात्र माझ्याच्यानं राहवलं नाही. मी म्हणाले, "साहेब, थांबा. हे खोडा. ती ज्याला खरं म्हणतेय ते यात नाहीच. तिच्या नवऱ्यानं साधनं मिळत नाहीत असं सांगितलं होतं. आम्ही उलटं छापलंय. आणि यातले बरेच फॉर्म आम्ही कॉलेजात बसून भरलेत."

कारकुनाचा पेन थांबला. गाईड हसून म्हणाले, "मॅडम थोड्या भावनिक आहेत. फील्डवर्कमध्ये होतं असं." साहेबांनी त्यांच्याकडं पाहिलं नाही, माझ्याकडं पाहिलं. "सही तुमचीच ना?"

"हो."

"तेव्हा खोटं लिहिलंत की आत्ता खोटं बोलताय?"

"तेव्हा."

"मग खरे फॉर्म कुठं आहेत?"

"घरी," मी म्हणाले. आठ दिवसांत आणून द्या, एवढं साहेबांनी सांगितलं आणि पुढचा अर्ज घेतला.

पुढचं थोडक्यात सांगते, कारण त्यात माझं काही शौर्य नाही. फॉर्म मी तिसऱ्या दिवशी नेऊन दिले. ते फायलीला लागले, पण वर अहवाल गेला तो छापील निबंधाचा आधार घेऊनच. मदत मिळाली नाही. नियतकालिकाला मी पत्र लिहिलं की निबंध मागं घ्या. उत्तर आलं, सर्व लेखकांची संमती लागेल. प्राचार्य म्हणाले, "मी तर वाचलाच नव्हता, मला कशाला ओढता?" त्यांचं हे वाक्य तेवढं शंभर टक्के खरं होतं. गाईडनी संमती दिली नाही आणि माझ्या प्रबंधावर सहीही केली नाही. तो मी पुढं दुसरीकडं, दुसऱ्या विषयावर पूर्ण केला. निबंध आजही तिथंच आहे. कापूस आणि विषबाधेवर नवीन कुणी लिहायला बसलं की त्याचा आधार देतं, आणि आमची तीन नावं त्याच मानाच्या क्रमानं पुन्हा छापली जातात. दरवेळी मी त्या लेखकाला पत्र लिहिते. उत्तर देणारे थोडे.

पण त्या दुपारचं राहिलंच. कचेरीबाहेर पडले तेव्हा गाईड स्कूटर काढून एकटेच निघून गेले होते. बाई पायरीवर उभी होती. आत मी जे बोलले त्यातलं तिला अर्धंच कळलं होतं. साहेबांपुढची ती झेरॉक्स तिच्या हातात होती, कशी मिळवली कोण जाणे. तो कागद तिनं माझ्यापुढं धरला आणि पिवळ्या खुणेवर बोट ठेवलं.

"याच्यात काय लिवलं हाय ते मले सांगा."

मी सांगितलं. इंग्रजीतून मराठीत, शब्द न शब्द. साधनं उपलब्ध असूनही. सवयीअभावी. मुख्य कारण. निष्काळजीपणा. मागच्या वर्षभरात ते वाक्य मी कित्येकदा वाचलं होतं, पण आमच्या भाषेत, ज्याच्याबद्दल ते होतं त्याच्या बायकोच्या तोंडावर, पहिल्यांदाच म्हणत होते. तिनं मला मधे थांबवलं नाही. सगळं ऐकून घेतलं.

"म्हंजे आता आतमंदी मी सारं खरं हाय म्हनलं, ते हे?"

"हो."

ती कागदाकडं बघत राहिली. मी म्हणाले, मी फॉर्म आणून देते, मी लिहून देते, मी वरपर्यंत जाते. ती ऐकत नव्हती. मग तिनं वर पाहिलं. रडत नव्हती. ती चिडली होती आणि तिचा तो हक्क होता.

"माहा मानूस खोटं बोलला तं त्यानं तुमच्यासमोर उभं राहून सांगतलं, मी खोटं बोललो म्हनून. चार लोकाइत सांगतलं. मंग तुमी खोटं लिवलं, तं सालभर कोनाले सांगतलं?"

"कुणालाच नाही," मी म्हणाले.

तिनं कागद घडी करून कमरेला खोचला आणि फाट्याकडं जाणाऱ्या जीपमध्ये जाऊन बसली.